तीनशे तबकड्यांतलं लग्न

नऊ वर्षांत रंजिताची सुई कधी चुकली नव्हती. शहापूरच्या बाजारपेठेतल्या त्या लॅबमध्ये लोक तिची वेळ विचारून रक्त द्यायला यायचे. शिरा पार बुजून गेलेल्या म्हाताऱ्यांच्या हातावरूनही ती बोटाचं टोक फिरवायची आणि नेमकी शीर काढायची. त्या शनिवारी सकाळी मात्र किन्हवलीच्या एका धडधाकट मास्तरांच्या हातात, जिथं आंधळ्यालाही शीर सापडली असती तिथं, तिनं दोनदा टोचलं आणि दोन्ही वेळा सुई कोरडी निघाली. मास्तर सभ्य होते, ‘होतं असं’ म्हणाले. पण असं होत नव्हतं. झालं होतं ते एवढंच, की मास्तरांच्या आधी दोन मिनिटं तिनं फोनवर आलेला संदेशचा निरोप कानाला लावून ऐकला होता. मागं मांडवाच्या खांबावर घाव पडत होते, कुणीतरी खुर्च्या ओढत होतं, आणि संदेश नेहमीच्या घाईत बोलत होता: ‘रंजू, एक घोळ झालाय गो. आत्या बोलते मी हळदीचा धवला गाणार नाय. संदेशचं लगीन माझ्या तोंडून एकदा लागलंय, बोलते. ते आपलं रेकॉर्डिंग, ते धरून बसलीय. हळद वाटून ठेवलीय, आई रडकुंडीला आलीय. आत्यानं तोंड उघडल्याशिवाय आमच्यात हळद लागत नाय, तुला म्हाईत आहे. माझं ऐकत नाय ती, तुझं ऐकेल. तू ये आणि तिला सांग ना, तो खेळ होता म्हणून.’ शेवटचं वाक्य तो हसत म्हणाला होता. मास्तरांना तिनं कापूस दाबून धरायला सांगितलं आणि सहकारी मुलीला हाक मारली. आज आपल्या हाताचा भरवसा नाही, हे तिनं स्वतःशी कबूल करून टाकलं.

संदेशच्या हळदीला ती जाणारच नव्हती. लॅबमध्ये सुट्टी नाही हे कारण तिनं आठवड्यापूर्वीच तयार करून ठेवलं होतं. उद्या लग्नाला जाऊन अक्षता टाकायच्या, जेवायचं, चारच्या गाडीनं परतायचं, असा बेत होता. नीट आखलेला. दुःखाचाही नीट बेत आखता येतो असं मानणाऱ्यांपैकी ती होती. आणि आता त्याच बेतावर पाणी सोडून ती किन्हवलीच्या जीपमध्ये दोन बायकांच्या मध्ये अवघडून बसली होती. बाहेर उन्हानं शेतं पांढरी पडलेली, बांधाकडेला भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याच्या काळ्या चौकटी. एका कानात तिनं सवयीनं इयरफोन घातला. डावा कान जगासाठी आणि उजवा गाण्यासाठी, ही वाटणी कॉलेजपासूनची. तेव्हा संदेशकडे इयरफोनची एकच जोडी होती आणि तो तिच्या डाव्या हाताला बसायचा, म्हणून डावं बोंड त्याचं आणि उजवं तिचं. त्यानं पुढं स्वतःसाठी चांगले दोन्ही कान झाकणारे हेडफोन घेतले. तिची सवय काही सुटली नाही.

संदेश वाशिंदजवळच्या एका गोदामात दुपारच्या पाळीला होता. सकाळी त्याला वेळ असायचा, आणि त्या वेळात तो गाणी हुडकायचा. साधी गाणी नव्हेत. सगळ्यांना सापडतात ती गाणी त्याला अजिबात नको असायची. जगाच्या पाठीवर कुठंतरी कुणीतरी आपल्या स्वयंपाकघरात बसून गाणं करतं, दुसरं कुणीतरी आपल्या माळ्यावर बसून त्याच्या दोनशे-तीनशे रेकॉर्डी काढतं, प्रत्येकीवर हातानं आकडा घालतं आणि पोस्टात टाकतं, अशी चिमुकली लेबलं त्याला रोज सापडायची. एक बाई सर्दी झाल्यासारखी गायची. एक जोडगोळी गाण्याच्या मध्येच थांबून एकमेकांना काहीतरी विचारायची आणि पुन्हा सुरू करायची, आणि ते विचारणंही रेकॉर्डवर तसंच असायचं. एका गाण्यात शेवटपर्यंत खुर्ची कुरकुरत होती. ‘बघ, चूक काढली नाय त्यांनी,’ संदेश म्हणायचा, जसं काही त्यांनी ती त्याच्यासाठी राखून ठेवली होती. हुडकायचा तो, पण निकाल द्यायची रंजिता. तिला शब्द कळायचे नाहीत, भाषा कुठली तेही बऱ्याचदा कळायचं नाही. पण माणूस गाताना खोटं गातो की खरं, हे तिला शिरेसारखं बोटाला लागायचं. ‘हा खोटा आहे,’ ती म्हणायची, आणि संदेश ते गाणं पुन्हा लावायचा नाही. एवढा अधिकार तिला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिला नव्हता. शहापुरात त्या गाण्यांबद्दल बोलावं असं दोघांना तिसरं माणूस नव्हतं. तिसरं माणूस नाही याचं संदेशला वाईट वाटायचं, आणि तिला मनातून फार बरं वाटायचं.

म्हसा गावच्या जत्रेतली ती दुपार. पौषातलं कोवळं ऊन, बैलांच्या रांगा, घोंगड्यांचे ढीग, आणि त्या ढिगाला टेकून दोघं एक गाणं ऐकत उभे. बंदराच्या कुठल्याशा गावात सायकल दुरुस्तीच्या दुकानावर खोली घेऊन दोन मैत्रिणींनी चालवलेलं लेबल. त्याच्या नावाचा अर्थ ‘उरलेलं सूप’ असा होतो हे संदेशनं खपून शोधून काढलं होतं. गाणारी एक म्हातारी होती आणि तिच्या मागं कुणीतरी खेळण्यातला पियानो वाजवत होतं. म्हातारीचा आवाज ओळीच्या शेवटी खाली न येता तसाच वर लोंबकळत राहायचा. रंजितानं कानातलं बोंड काढलं आणि म्हणाली, ‘ही तर तुझी आत्या.’ संदेशनं लगेच तिचा हात धरून तिला खेळण्यांच्या दुकानांकडे ओढत नेलं आणि आपलीही एक रेकॉर्ड काढायची म्हणून एक लहान पोरांचा की-बोर्ड घेतला. त्याचे अर्धे सूर वाजत नव्हते. हात त्यानं दुकानापर्यंत सोडला नव्हता. एवढंच. पण एवढ्यावर ती नंतर दोन वर्षं जगली, हे आता जीपमध्ये तिला लाज वाटावी इतकं स्वच्छ दिसत होतं.

धोंडीबाई, संदेशची आत्या, म्हणजे पंचक्रोशीतली धवलारीण. कुठल्याही घरचं लग्न असो, हळदीपासून पाठवणीपर्यंतच्या गाण्यांचा धवला तिच्याच तोंडून निघायचा. वैशाखऱ्याच्या पुढं डोंगराच्या अंगाला तिचं घर. संदेश रंजितासोबत रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन गेला तेव्हा तिनं सरळ सांगितलं, धवला असा रिकामा गात नाहीत. पाटावर कोणी बसल्याबिगर गायला तर गाणं घर शोधत फिरतं. संदेशनं खूप विनवलं. शेवटी त्यालाच युक्ती सुचली. रंजिताला त्यानं पाटावर बसवलं, आत्याच्याच डब्यातली हळद तिच्या गालांना लावली. आत्या म्हणाली, ‘नवरी झाली. आता नवरा कोण? गाण्यात नाव कुनाचं घेऊ?’ आणि संदेश मशीन मांडीवर घेऊन हसत हसत शेजारच्या पाटावर बसला. ‘माझं घे.’ धोंडीबाई हसली नाही. ती दोघांकडे बराच वेळ बघत राहिली, मग तिनं पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. पिवल्या पाटाव कोन गो बसली, रंजिता नवरी गो बसली. नवरीच्या बाजूला कोन गो राजा, संदेश राजा गो बसला. पंचवीस मिनिटं ती गात होती. रंजिताच्या गालावरची हळद वाळून ओढ देत होती. संदेशचं सगळं लक्ष मशीनच्या काट्यावर होतं, आणि तिला तिच्या नावाचं ओझं पहिल्यांदाच जाणवत होतं. त्या बाईच्या तोंडून गेलेलं नाव परत आपल्याकडे येणार नाही, असं काहीतरी. गाणं संपल्यावर धोंडीबाईनं दोघांच्या हातावर गूळ ठेवला. संदेशनं तो तोंडात टाकला आणि मशीन मागं घेऊन गाणं ऐकायला बसला. रंजितानं तो मुठीत धरला आणि घरी गेल्यावर, दार लावून, हळूहळू खाल्ला.

रेकॉर्ड निघाली, त्याच ‘उरलेलं सूप’ लेबलवर. सात इंची, तीनशे प्रती. एका बाजूला संदेशचं तीन सुरांचं गाणं आणि त्यात रंजिताचं गुणगुणणं, दुसऱ्या बाजूला धोंडीबाईच्या धवल्याची पहिली पाच मिनिटं आणि त्याच्या तळाशी तो मोडका की-बोर्ड. बँडचं नाव संदेशनं ‘दुपारची पाळी’ ठेवलं. उरलेल्या सूपवाल्या मैत्रिणींनी पाच प्रती पाठवल्या, त्यातली दोन नंबरची रंजिताला मिळाली. आतल्या कागदावर संदेशनं इंग्रजीत चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांतली शेवटची अशी, की लग्न खरं नाही, नावं दोन मित्रांची आहेत. तिला ती ओळ आधी दाखवली नव्हती. दाखवण्यासारखं त्यात त्याला काही वाटलंच नसणार. रंजितानं कागद पुन्हा घडी घालून पाकिटात ठेवला आणि ‘छान झालंय’ म्हणाली. रेकॉर्ड वाजवायला तिच्याकडे यंत्र नव्हतं, घेतलंही नाही. पण लॅबमध्ये काम करताना अधूनमधून तिच्या मनात यायचं, की या क्षणी कुठंतरी, बर्फ पडणाऱ्या एखाद्या गावात, कुणीतरी सुई टेकवत असेल आणि तिचं लग्न लागत असेल. दोनशे पंच्याण्णव घरांत. त्या माणसांना कागदावरची शेवटची ओळ वाचायचा कंटाळा आलेला असू दे, अशी वेडी आशा ती करायची.

कंटाळा न आलेलं एक माणूस निघालं, आणि तेही बदलापूरला. नेहा. मोठ्या कंपनीत नोकरी, आणि हुडकायचा नाद संदेशच्याही वरचढ. तिला ते लेबल आधीपासून माहीत होतं. रात्रंदिवस परदेशची गाणी ऐकणाऱ्या त्या मुलीला एक दिवस इथल्याच, मुरबाडकडच्या माणसांची रेकॉर्ड दिसली आणि तिनं ती तिकडून मागवली. समुद्र ओलांडून रेकॉर्ड आली ती संदेशच्या घरापासून दीड तासावर. तिनं संदेशला लिहिलं. संदेश धावतच लॅबमध्ये आला होता, पेशंट बसलेले असताना. ‘एकशे बारा नंबर बदलापूरला आहे, रंजू! बदलापूरला!’ त्याला तिसरं माणूस सापडलं होतं. रंजिता एकदा नेहाला भेटली. मुलगी चांगली होती. वाईट असती तर किती सोपं झालं असतं. तिनं रंजिताचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, ‘त्या गाण्यातली नवरी तूच ना? मी ते रोज ऐकते.’ रंजिता हसली होती. त्या दिवसानंतर संदेशनं तिला निकाल विचारणं हळूहळू बंद केलं. भांडण नाही, तंटा नाही. जसं एखादं दुकान आपण नकळत बदलतो, तसं त्यानं कान बदलला. आणि ज्या गाण्यात तिचं नाव होतं त्याच गाण्यानं त्याला बायको आणून दिली, हे रंजिता कुणाला सांगणार होती? सांगितलं असतं तर लोक हसले असते. ऐकायला ते खरोखर हसण्यासारखंच आहे.

किन्हवलीला आणि पुन्हा सरळगावला तिनं गाडी बदलली. टोकावडे गेलं, वैशाखरे आलं. उतरून चढण चढताना मांडवातल्या स्पीकरचं ढणढण ऐकू यायला लागलं, पण ती तिकडे वळली नाही. धोंडीबाईच्या ओट्याची वाट तिच्या पायांना पाठ होती. म्हातारी ओट्यावर करवंदं निवडत बसली होती, जणू भावाच्या घरी आज काही नाहीच.

‘आलीस?’ ती मान वर न करता म्हणाली. ‘त्यानं धाडली ना?’

‘हो.’

‘बस. करवंदं खा.’

रंजिता बसली. दोघी करवंदं निवडत राहिल्या. चीक बोटांना लागत होता. धोंडीबाई या दोन वर्षांत फार वाळली होती. मनगटावरच्या शिरा रंजिताला बसल्या जागेवरून मोजता आल्या असत्या. मग म्हातारीनं टोपली बाजूला सारली.

‘त्याची आई येऊन गेली, त्याचा बाप येऊन गेला. मी बोलले, एकदा माझ्या तोंडून नाव गेलं ते गेलं. त्यांना वाटतं म्हातारीला भ्रम झालाय. पोरगा बोलतो, आत्या, तो खेळ व्हता. त्याचा असंल. त्याला काय बी कलत नाय, तो लहानपनापासून तसाच. मी तुला इचारते. तुझा पण खेळ व्हता का गो?’

शेवटी हे आलंच. इतक्या लांब येऊन, दोन गाड्या बदलून, हा एकच प्रश्न होता. आणि रंजिताच्या लक्षात आलं, की ‘नाही’ म्हणणं तिच्या हातात आहे. नाही, माझा खेळ नव्हता. एवढंच बोलायचं. म्हातारी उठणार नाही. खाली मांडवात हळद वाळेल, उद्याची तिथी टळेल, नेहाच्या घरचे विचारतील काय झालं, आणि कधी नव्हे ते संदेशला कारण शोधावं लागेल. कारण शोधताना तो तिच्यापर्यंत येईल. एकदा तरी तो तिच्याकडे बघेल, मशीनच्या काट्याकडे नाही. तिला हे फार हवं होतं. आणि मग तिला दिसलं, की तो आला तरी काय विचारेल. ‘असं का केलंस, रंजू?’ विचारेल. कळवळून विचारेल, चांगलाच आहे तो. त्या चांगुलपणासमोर उभं राहण्याची ताकद तिच्यात नव्हती. प्रेमापोटी खोटं बोलले असं पुढं स्वतःला सांगता आलं असतं, पण खरं तर ती त्याच्या त्या प्रश्नाला घाबरली.

‘खेळच होता, आत्या,’ ती म्हणाली. ‘माझाही.’

धोंडीबाईनं तिच्याकडे पाहिलं. पाटावर बसवून पाहिलं होतं तसंच, बराच वेळ.

‘बरं,’ ती म्हणाली. ‘तू बोलतेस तर बरं. पन एक सांगते. तुमची दोघांची नावं माझ्या तोंडानं जोडलीत मी. त्याच तोंडानं त्याच्या बाजूला दुसरं नाव मी पयलं घेनार नाय. देव मला इचारील. पयली ओळ तू घे. नाव तू जोड. मंग मागून मी झेलते, पुढचा धवला माझा.’

‘मी? मला कुठं येतो धवला?’

‘पंचवीस मिनटं पाटाव बसून ऐकलास. येतो तुला. पोरीचं नाव काय?’

‘नेहा.’

‘बोल मंग.’

रंजितानं सुरुवात केली. पिवल्या पाटाव कोन गो बसली. पुढची ओळ तिनं उचलली आणि ती मध्येच तुटली. रंजिता या नावाला जेवढी जागा होती तेवढी नेहा या नावानं भरत नव्हती. मध्ये एक खड्डा पडत होता आणि चाल त्यात पाय घालून अडखळत होती. तिनं पुन्हा म्हटलं, ‘ने’ लांबवून पाहिला. ते खोटं वाटलं. तिला लगेच कळलं की ते खोटं आहे. धोंडीबाई नुसती गुडघ्यावर बोटं आपटत बसली होती. तिसऱ्या वेळी रंजितानं ‘नेहाबाय’ म्हटलं. ओळ भरली. आपल्या नावाच्या जागेवर ते नाव किती नीट बसलं, एवढं तिला ऐकू आलं, आणि मग तिला रडू आलं. ती ओट्यावर, गुडघ्यात डोकं घालून, लहान पोरीसारखी हुंदके देत रडली. म्हातारीनं तिला थोपटलं नाही की काही विचारलं नाही. ‘हितंच रडून घे,’ एवढंच म्हणाली. ‘मांडवात रडलीस तर लोकं इचारतील, ही कोन लागते.’ मग आत जाऊन तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं.

दोघी खाली आल्या तेव्हा मांडवात एकच गलका झाला. कुणीतरी धावत जाऊन स्पीकर बंद केला. संदेशच्या आईनं रंजिताचा चेहरा दोन्ही हातांत धरला. संदेश पांढऱ्या बनियनवर पाटावर बसलेला, त्यानं लांबूनच हात जोडले आणि ओठांनी, आवाज न करता, ‘थँक्यू’ म्हटलं. बायका गोल करून बसल्या. धोंडीबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि रंजिताला कोपरानं ढोसलं.

रंजितानं डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर सोपं गेलं असतं, पण तिला पाहायचं होतं. पिवल्या पाटाव कोन गो बसली, ती म्हणाली, आणि मांडव गप्प झाला, कारण तिचा आवाज इतका मोठा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. नेहाबाय नवरी गो बसली. नवरीच्या बाजूला कोन गो राजा. तिनं संदेशकडे पाहिलं. संदेश राजा गो बसला. मागून धोंडीबाईचा थरथरता आवाज आला, त्यानं ओळ झेलली, आणि तिच्या मागं वीस-पंचवीस बायकांचा. लग्न जोडलं गेलं. तिनं जोडलं.

‘अगं बाय, काय गळा गो पोरीचा!’ ओळीच्या फटीत संदेशची आई डोळे पुसत म्हणाली. ‘आणि हिच्या लग्नात कोन गाईल गो आमच्यातलं?’

‘तिचं मी गायलेय,’ धोंडीबाई म्हणाली.

म्हातारीला भ्रम झालाय असं वाटून बायका खदखदून हसल्या. संदेशही हसला, मग त्याच्या आईनं वाटीत बोटं बुडवून पहिली हळद त्याच्या गालाला लावली, आणि धोंडीबाईच्या मागोमाग रंजितानंही पुढची ओळ घेतली.